जेरुसलेम: तीन धर्मांचे नगर आणि त्याच्या मराठी मुलखातल्या खुणा

जेरुसलेमच्या जुन्या शहराचे क्षेत्रफळ एक चौरस किलोमीटरही भरत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात अशी शंभर शहरे मावतील. उस्मानी सुलतान सुलेमानाने १५३७ ते १५४१ या काळात बांधलेला सुमारे चार किलोमीटरचा तट अजून शाबूत आहे. त्याच्या आठ दरवाज्यांपैकी सात उघडे असून पूर्वेकडचे ‘सुवर्णद्वार’ शतकानुशतके दगडांनी बुजवलेले आहे. ज्यूंची पश्चिम भिंत, ख्रिस्ती लोकांचे पवित्र कबरीचे चर्च आणि मुसलमानांची अल्-अक्सा मशीद ही तिन्ही ठिकाणे या तटाच्या आत आहेत आणि एकापासून दुसऱ्याकडे पायी जायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात. जगातल्या निम्म्याहून अधिक माणसांच्या श्रद्धेशी जोडलेली जागा इतकी लहान असणे, हेच या शहराच्या इतिहासाचे आणि त्याच्या दुखण्याचेही मूळ आहे.

हे शहर मोठे व्हावे असे तिथल्या जमिनीत फारसे काही नाही. भूमध्य समुद्र आणि मृत समुद्र यांच्यामधल्या डोंगररांगेवर, जवळजवळ माथेरानच्या उंचीवर ते वसले आहे. नदी नाही, बंदर नाही. पाणी होते ते गीहोन नावाच्या एका झऱ्याचे, आणि तोही तटाबाहेर. वेढा पडला तर पाणी तुटू नये म्हणून इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास हिज्कीया राजाच्या काळात डोंगर पोखरून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा काढला गेला. खोदणाऱ्यांच्या दोन टोळ्या दोन टोकांकडून निघून मधे भेटल्या. त्या बोगद्यातून आजही पाणी वाहते आणि प्रवासी गुडघाभर पाण्यातून तो पार करतात.

बायबलच्या परंपरेप्रमाणे दावीद राजाने इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास हे नगर जिंकून राजधानी केले आणि त्याचा मुलगा शलमोन याने तिथे मंदिर बांधले. ज्यूंच्या दृष्टीने यज्ञ-अर्पणे करण्याची जागा जगात ही एकच. इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने ते जाळले आणि लोकांना बंदी करून नेले. इराणच्या सायरस राजाने परतीची मुभा दिल्यावर दुसरे मंदिर उभे राहिले. पुढे हेरोद राजाने डोंगरमाथ्याभोवती प्रचंड दगडी भिंती उभारून मंदिराचा चौथरा वाढवला. इसवी सन ७० मध्ये रोमन सेनापती टायटसने तेही उद्ध्वस्त केले. उरली ती चौथऱ्याला आधार देणारी भिंत. तिचा पश्चिमेकडचा सुमारे ५७ मीटरांचा उघडा भाग म्हणजे आजची पश्चिम भिंत. लोक तिच्या दगडांच्या फटींत प्रार्थनेच्या चिठ्ठ्या ठेवतात. वर्षातून दोनदा त्या काढून जैतुनाच्या डोंगरावर पुरतात. देवाला उद्देशून लिहिलेला कागद फेकून देत नाहीत.

मंदिर गेल्यानंतर ज्यूंचा धर्म टिकला तो आठवणीवर, आणि ही आठवण कोकणच्या किनाऱ्यावरही पोचली. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला फार पूर्वी एक गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी बेने इस्राएल समाजाची परंपरागत समजूत आहे. बुडालेल्यांना जिथे पुरले ती जागा नवगावला दाखवतात आणि तिथे स्मारकही आहे. वाचलेल्यांचे वंशज तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. पेझारीचे पेझारकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली. घरची भाषा मराठी झाली. हिब्रू ग्रंथ जवळ नव्हते. खतना, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही श्रद्धेची प्रार्थना एवढे मात्र पिढ्यान्‌पिढ्या जपलेले होते.

या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला १९३७ मध्ये. त्यात सणांची जुनी मराठी नावे आली आहेत: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस म्हणजे हिब्रू पंचांगातल्या आब महिन्याची नववी तिथी. कोकणात तो बिरड्याचा सण झाला. हा दिवस जुलै-ऑगस्टमध्ये, आषाढ-श्रावणाच्या आगेमागे येतो. त्याच दिवसांत रायगड जिल्ह्यात घरोघर वाल भिजत घालतात, मोड आणतात, एकेक दाणा सोलतात आणि नारळाच्या रसात बिरडे शिजते. जेरुसलेममधली राख आणि अलिबागच्या चुलीवरचे बिरडे यांची अशी गाठ पडली. ज्यूंमध्ये कडधान्य हे फार पूर्वीपासून सुतकाचे अन्न आहे, हेही इथे लक्षात घ्यावे.

पूर्वज नेमके कधी निघाले, याचा अंदाज बांधताना केहिमकरांनी जेरुसलेमच्या मंदिराचाच आधार घेतला. इसवी सनापूर्वी १६४ मध्ये मंदिर परकीयांकडून परत मिळवून शुद्ध केले गेले, त्याची आठवण म्हणून ज्यू हनुक्का साजरा करतात. बेने इस्राएलांना हा सण ठाऊक नव्हता. त्यावरून पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असा केहिमकरांचा तर्क. आबच्या नवमीचा शोक पहिल्या मंदिरासाठीही असतो, त्यामुळे बिरड्याचा सण या तर्काच्या आड येत नाही. हा पुरावा निर्णायक नाही, पण एखाद्या समाजाने आपला इतिहास आपल्या सणांतून वाचण्याचा इतका चांगला नमुना मराठी मुलखात दुसरा सापडणे कठीण.

बाकीच्या ज्यू जगाशी या समाजाचा संबंध पुन्हा जुळला तो मुंबईत. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल इझिकेल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ मध्ये त्यांनी मांडवी भागात शहरातले पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्राएल आपल्या प्रार्थनागृहाला मशीदच म्हणत. मांडवीच्या या मशिदीचे हिब्रू नाव ‘शाआर हारहामीम’. जेरुसलेमचे ते बुजवलेले सुवर्णद्वारही हिब्रूत याच नावाने ओळखले जाते. पुढे १८४६ मध्ये मुंबईत हग्गादा हा वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापला गेला, आणि १८७४ मध्ये पुण्यात त्याची सचित्र आवृत्ती निघाली. पुढचा सण जेरुसलेमात घडावा, या इच्छेने ती रात्र संपते. ही इच्छा मराठी घरांत मराठी अर्थासह बोलली जाऊ लागली.

मुलुंडची हद्द ओलांडली की ठाण्यात टेंभी नाक्याजवळ १८७९ मध्ये बांधलेले ‘शाआर हाशामाईम’ सिनेगॉग आहे. मुंबई परिसरातल्या ज्यूंची मोठी वस्ती आता ठाण्यातच आहे. सिनेगॉगमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याला हेखाल म्हणतात आणि ते जेरुसलेमच्या दिशेला असते, म्हणजे इथून पश्चिमेला. उपनगरातल्या मशिदींची कमानही मक्केच्या रोखाने पश्चिमेलाच असते. नवस फेडताना किंवा घर-लग्नाच्या शुभकार्यात बेने इस्राएल घरांत मलिदा होतो: गोड पोहे, खोबरे, फळे यांचे ताट आणि एलियाहू हनाबी या संदेष्ट्याचे गाणे. हा विधी जगातल्या इतर ज्यूंमध्ये नाही. काही अभ्यासक त्याचे नाते मंदिरातल्या अर्पणाशी जोडतात.

ख्रिस्ती लोकांसाठी जेरुसलेम म्हणजे येशूच्या शेवटच्या आठवड्याचे नगर. जैतुनाच्या डोंगरावरून त्याने गाढवावर बसून प्रवेश केला, शिष्यांबरोबर शेवटचे भोजन घेतले, पकडला गेला, क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, अशी श्रद्धा. सम्राट कॉन्स्टंटाइनने क्रुसाच्या आणि कबरीच्या जागी बांधवलेल्या पवित्र कबरीच्या चर्चचा अर्पणविधी ३३५ मध्ये झाला. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल्-हाकीमने ते पाडले, पुढे ते पुन्हा बांधले गेले, आणि आज दिसते त्याचा बराचसा भाग बाराव्या शतकातल्या क्रुसेडरांच्या, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या, राजवटीतला आहे.

या एका इमारतीत ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ नांदतात. कोणता खांब कोणी पुसायचा, कोणता दिवा कोणी लावायचा, कोणत्या वेळी कोणी मिरवणूक काढायची हे सारे उस्मानी सुलतानाच्या १८५२ च्या फर्मानाने ‘जैसे थे’ ठेवले आहे. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक साधी लाकडी शिडी आहे. अठराव्या शतकातल्या चित्रातही ती दिसते. ती हलवायची तर सर्वांची संमती लागते, म्हणून ती तिथेच आहे. मुख्य दरवाज्याची किल्ली मात्र शेकडो वर्षांपासून एका मुसलमान घराण्याकडे आहे. जौदेह घराणे किल्ली सांभाळते आणि नुसैबेह घराणे दार उघडते-लावते. ही व्यवस्था पाहून हसू येणाऱ्यांनी तिच्यामागचे शहाणपण ओळखायला हवे. ज्या जागेवर प्रत्येकाचा हक्क आहे तिथे कोणालाच पूर्ण हक्क न देणे, यावर हे चर्च इतकी वर्षे उभे आहे.

येशू क्रूस घेऊन चालला असे मानतात तो रस्ता म्हणजे व्हिया डोलोरोसा, दुःखाचा मार्ग. त्यावर चौदा थांबे आहेत. पहिले नऊ गल्ल्यांतून आणि शेवटचे पाच चर्चच्या आत. दर शुक्रवारी दुपारी फ्रान्सिस्कन संन्यासी तिथून प्रार्थना करीत जातात. दूरच्या लोकांना जेरुसलेमला जाणे जमत नसे, म्हणून हे चौदा थांबे युरोपातल्या चर्चच्या भिंतींवर चित्रांत आले आणि पोर्तुगिजांबरोबर साष्टीत, म्हणजे आजच्या मुंबईच्या उपनगरांत. वांद्रे, मरोळ, ऑर्लेम, बोरिवलीची आय. सी. कॉलनी, कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये दोन्ही बाजूंच्या भिंतींवर ती चौदा चित्रे असतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी लोक एकेका चित्रापाशी गुडघे टेकत क्रुसाची वाट करतात. उपवासकाळाच्या शेवटी झावळ्यांच्या रविवारी हातात झावळ्या घेऊन मिरवणूक निघते, ती येशूच्या जेरुसलेम-प्रवेशाची. अंधेरीच्या सीप्झच्या आवारात १५७९ मध्ये बांधलेल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत, म्हणजे उपनगरातली ही आठवण चारशे वर्षांहून जुनी आहे.

मराठी भाषेतही जेरुसलेम तितकेच जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. जेरुसलेमात घडलेली सगळी कथा त्यात दहा हजारांहून अधिक ओव्यांत येते, आणि वाचणाऱ्याला ती परकी वाटत नाही. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आमच्या काळात ‘सुबोध बायबल’ दिले आणि ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ या पुस्तकात इस्रायल-पॅलेस्टाइनच्या भांडणाचा इतिहास मराठी वाचकासाठी मांडला.

मुसलमानांसाठी जेरुसलेम हा पहिला किबला. मक्केकडे तोंड करण्याची आज्ञा होण्यापूर्वी, मदिनेत आल्यानंतरही सुमारे सोळा-सतरा महिने, पैगंबर आणि त्यांचे अनुयायी जेरुसलेमच्या दिशेने नमाज पढत. एका रात्रीत पैगंबरांना मक्केहून इथे आणले गेले आणि इथून ते स्वर्गारोहणाला गेले, ही मेराजची श्रद्धा. रजब महिन्याच्या सत्ताविसाव्या रात्री, शब-ए-मेराजला, कुर्ला आणि जोगेश्वरीच्या मशिदींत लोक जागून नमाज पढतात ती याच रात्रीची आठवण. मक्का आणि मदिनेनंतर तिसरे पवित्र स्थान म्हणून अल्-अक्साला मान आहे.

६३८ च्या सुमारास शहर अरबांच्या ताब्यात आले. खलिफा उमर पवित्र कबरीचे चर्च पाहत असताना नमाजाची वेळ झाली. धर्मगुरू सोफ्रोनियसने आतच नमाज पढावा असे सुचवले, पण पुढे लोक त्या जागेची मशीद करतील म्हणून उमर बाहेर गेले, अशी परंपरा आहे. पन्नासेक वर्षांनी, ६९१-९२ मध्ये, खलिफा अब्दुल मलिकने जुन्या मंदिराच्या चौथऱ्यावर अष्टकोनी घुमटाची वास्तू पूर्ण केली. वर्तमानपत्रांत सोनेरी घुमटाचे छायाचित्र येते ते हिचे. तिचे नाव कुब्बतुस्सखरा, खडकावरचा घुमट. जुम्म्याची मुख्य मशीद त्याच आवाराच्या दक्षिण टोकाला, शिशाच्या करड्या घुमटाखाली आहे. मुसलमान संपूर्ण आवाराला अल्-अक्सा म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. घुमटाखालचा तो खडक ज्यू परंपरेतही जगाच्या पायाचा दगड मानला जातो आणि अब्राहामाच्या बलिदानाची कथा तिथेच घडली असे सांगतात.

भारतीय मुसलमानांचीही तिथे एक जागा आहे. हेरोदच्या दरवाज्याजवळ हिंदी मठ आहे. सुफी संत बाबा फरीद १२०० च्या सुमारास इथे येऊन राहिले, अशी त्याची आख्यायिका. हिंदुस्थानातून हजला निघालेले यात्रेकरू पुढे जेरुसलेमला आले की इथे उतरत. १९२४ पासून सहारनपूरहून आलेले अन्सारी घराणे त्याची व्यवस्था पाहते. खिलाफत चळवळीचे नेते मौलाना महंमद अली १९३१ मध्ये लंडनमध्ये वारले. त्यांना अल्-अक्साच्या आवाराला लागून पुरले आहे.

एकाच खडकावर एकाच्या खाली दुसऱ्याची श्रद्धा असणे मुंबईकराला अनोळखी नाही. बोरिवलीची मंडपेश्वर लेणी मुळात शिवाची. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कनांनी त्यांचे चर्च केले आणि वर मठ बांधला. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी घेतल्यानंतर चर्च तिथून गेले. आज खाली शंकराची पूजा होते, लेण्यात कोरलेला एक क्रूस दिसतो, वर मठाचे भग्न अवशेष आहेत आणि जवळच चर्च भरलेले असते. जेरुसलेममध्ये मात्र एकही थर मागे हटलेला नाही; प्रत्येकाचे उपासक आजही हजर आहेत. शुक्रवारी हे डोळ्यांना दिसते. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला हजारोंची रीघ लागते. ती ओसरते न ओसरते तोच त्याच गल्ल्यांतून फ्रान्सिस्कन क्रुसाच्या वाटेने निघतात, आणि सूर्य मावळताना शब्बाथसाठी काळ्या कोटातले ज्यू पश्चिम भिंतीकडे चालू लागतात.

शहरासाठी रक्त मात्र फार सांडले. १०९९ मध्ये क्रुसेडर आत शिरले तेव्हा त्यांनी मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली. ११८७ मध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतले ते खंडणी घेऊन लोकांना सोडत. उस्मानी राजवट १५१६-१७ पासून चारशे वर्षे चालली. डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश सेनापती अ‍ॅलनबी याफा दरवाज्यातून पायी आत आला. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी फाळणीच्या योजनेत जेरुसलेम कोणालाच न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवायचे ठरवले. भारताने फाळणीविरुद्ध मत दिले. ती योजना अमलात आलीच नाही. १९४८ च्या युद्धानंतर पश्चिम भाग इस्रायलकडे आणि जुने शहर जॉर्डनकडे गेले, मधे काटेरी तार पडली.

याच वर्षांत मुंबई, ठाणे, अलिबाग, पुण्याहून बेने इस्राएल कुटुंबे बोटीने आणि विमानाने इस्रायलला जाऊ लागली. त्यांनी जेरुसलेमची इच्छा पिढ्यान्‌पिढ्या बोलून दाखवली होती, पण १९६७ पर्यंत, पूर्ण एकोणीस वर्षे, पश्चिम भिंत तारेच्या पलीकडे होती. युद्धबंदीच्या करारात ज्यूंना तिथे जाऊ देण्याचे कलम होते. ते पाळले गेले नाही. बहुतेक कुटुंबांना घरे मिळाली ती दिमोना, बीरशेबा, लोद, अशदोद अशा गावांत.

त्याहून मोठा घाव होता ओळखीचा. इस्रायलमधल्या रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेने इस्राएलांच्या लग्नांवर चौकशीची अट घातली: कित्येक पिढ्यांमागे कोणी अज्यू तर नव्हते ना? ज्यांनी ग्रंथ नसताना शतकानुशतके शनिवार पाळला त्यांच्याकडे ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात या समाजाच्या लोकांनी, बायकामुलांसह, जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या इमारतीसमोर धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांची बाजू घेतली आणि रब्बींना तो आदेश बदलावा लागला. पश्चिम भिंतीपाशी उपासनेसाठी पोचण्याआधी मराठी ज्यूंना पवित्र नगरात हक्कासाठी बसावे लागले, हा त्या नगराच्या मराठी इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे आणि तो महाराष्ट्रात फारच थोड्यांना माहीत आहे. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे ज्यू ऐंशी हजारांच्या घरात आहेत, त्यांत बेने इस्राएल सर्वाधिक. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवले. इकडे चार-पाच हजार ज्यू उरले. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

जून १९६७ च्या युद्धात इस्रायलने जुने शहर घेतले. अल्-अक्सा आवाराचा कारभार जॉर्डनच्या अखत्यारीतल्या वक्फकडेच राहू दिला गेला आणि बंदोबस्त इस्रायली पोलिसांकडे आला. इतर धर्मीयांना ठरावीक वेळी मुघ्राबी दरवाज्यातून आत जाता येते, तिथे प्रार्थना मात्र मुसलमानांनीच करायची असा संकेत ठरला. मंदिराच्या गाभाऱ्याच्या जागी नकळत पाय पडेल म्हणून मुख्य रब्बींनी ज्यूंना वर जाण्याची मनाई केली होती. अलीकडे ही मनाई न जुमानता जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यातून वारंवार तणाव होतो. १९८० मध्ये इस्रायलने कायदा करून संपूर्ण जेरुसलेम ही आपली राजधानी ठरवली; सुरक्षा परिषदेने तो कायदा अमान्य केला. पॅलेस्टिनी लोक पूर्व जेरुसलेमला आपली भावी राजधानी मानतात. जुन्या शहराला युनेस्कोने १९८१ मध्ये जागतिक वारशात घेतले आणि पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकले.

भारताने इस्रायलला १९५० मध्ये मान्यता दिली, तरी पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ मध्ये जुळले. तोवर इस्रायलची भारतातली एकमेव कचेरी मुंबईत होती. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेने जेरुसलेमला इस्रायलची राजधानी मानल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याविरुद्ध ठराव आला. १२८ देशांनी ठरावाच्या बाजूने मत दिले, त्यांत भारत होता. अमेरिकेचा दूतावास मे २०१८ मध्ये जेरुसलेमला गेला. भारताचा तेल अवीवमध्येच आहे.